दोऱ्याच्या मिरच्या

माझ्या सासरी सुनेला किल्ल्या देत नाहीत, बरणी देतात. कुलपात ठेवावं असं त्या घरात कधी काही नव्हतंच. होती ती एक चिनी मातीची बरणी, वर पिवळी, खाली पांढरी, गळ्यापाशी टवका उडालेला. तिच्यात वर्षभराच्या मिरच्या, वाणगावच्या मळ्यातल्या, जवळा म्हणजे बारीक सुकी कोलंबी भरून उन्हात वाळवलेल्या. दातिवऱ्यात, माझ्या सासरच्या गावात, आमच्या घरच्या मिरच्यांचं मोठं नाव होतं, असं सासूबाई तरी सांगायच्या. ती बरणी जिच्या हातात येते ती घरची. बाकीच्या भांडी घासायला.

मी चौदा वर्षं भांडी घासली.

रीत अशी. मे महिन्यात सासू मिरच्या भरते. सून शेजारी बसून फक्त पाच मिरच्या भरते आणि त्यांच्या देठांना लाल दोरा बांधते. जूनमध्ये मिरगाच्या दिवशी बरणी उघडतात, त्याआधी नाही. त्या दिवशी सासूच्या आणि सुनेच्या मिरच्या एकाच तव्यावर तळायच्या आणि घरातल्या पुरुषाने चाखायच्या. त्याला दोन्ही सारख्याच लागल्या तर बरणी सुनेची. नाही तर पुढच्या मिरगापर्यंत थांबा. दोरा मात्र तव्यावरही सोडायचा नाही. सोडला तर म्हणे लबाडी होते. खाणाऱ्याला दोरा दिसतो, यात लबाडी कोणाला दिसली नाही.

माझ्या सासूबाईंना, पुष्पलताबाईंना, त्यांच्या सासूने दुसऱ्याच वर्षी बरणी दिली होती. हे मला दर मे महिन्यात ऐकायला मिळे, तेही मिरचीला चीर देताना, म्हणजे हातात सुरी असताना. माझ्या सहनशक्तीचा पुरावा म्हणून हे लिहून ठेवते.

घरातला पुरुष म्हणजे माझा नवरा सुजित. सासरे गेले, पाठोपाठ होडी गेली, आणि सुजित तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला. तेव्हापासून आम्ही कुंभवलीत राहतो, दोन खोल्या, वर गच्ची. गच्चीवर काही वाळत घालायची सोय नाही. सकाळी पांढरी चादर घातली की संध्याकाळी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. म्हणून मिरच्यांसाठी दर वर्षी दातिवऱ्याला सासूबाईंकडे जावं लागे. सुजितला मी तोंडावर ‘तुमी’ म्हणते. लिहिताना ‘तो’ म्हणते आहे. एवढी सूट मी घेतली तर आकाश कोसळणार नाही.

सुरुवातीची दहा वर्षं तो चांगला परीक्षक होता, हे कबूल करायला हवं. पहिल्या वर्षी म्हणाला, “मेथी कडू झाली.” झालीच होती. मी ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजली होती. दुसऱ्या वर्षी म्हणाला, “चिंच कमी.” एका वर्षी, “जवळ्यात रेती हाय.” दरवेळी तो चूक सांगायचा आणि मी ती पदराला गाठ मारून ठेवायची. मिरची कुठली घ्यायची ते मी शिकले. बोटभर लांब, जाड सालीची, पोपटी, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची. शेवटच्या तोड्याची घेतली तर झाड दमलेलं असतं आणि मिरची चिडकी होते. आपल्याला चिडकी नको. आपल्याला अशी हवी की जीभ जागी व्हावी, पळून जाऊ नये. मग चीर देऊन रात्रभर चिंचेच्या कोळात मीठ घालून बुडवायची. सकाळी निथळून भाजलेला जवळा, धणे, हळद, थोडी मेथी असं कुटून भरायचं. मग सहा दिवस ऊन, दिवसातून दोनदा पालटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. सगळं ठाऊक झालं. दहाव्या वर्षी सुजितने माझी मिरची चावली, थांबला, सासूबाईंची चावली, परत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “पुढच्या साली जमेल.” त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. माझं पोट मात्र नुसत्या त्या तीन शब्दांनी भरलं.

त्यानंतरच्या जानेवारीत कंपनीत वायू सुटला. मोठं काही झालं नाही, पेपरातही आलं नाही. सुजित दोन दिवस डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन घरी पडून होता. “डोळे चुरचुरले, बाकी काय नाय,” म्हणाला. तिसऱ्या दिवशी कामावर गेला. मी पण विसरले.

मग जेवणातून चव गेली. म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या हातातून गेली. पापलेटाचं कालवण केलं की, “काय तरी कमी हाय.” बोंबील तळले की, “फिकं लागतं. तिखट घाल जरा.” मी वाणगावची मिरची वाढवली. मग तिच्याबरोबर ज्वाला घातली. मग ज्वाला सोडून लवंगी आणली. ती कुटताना माझी बोटं दोन-दोन दिवस आग आग करायची, आणि तो लालभडक रस्सा भाताबरोबर ओरपून म्हणायचा, “हां, आता जरा कळतं.” आमची मुलगी रिद्धी एक घास घेऊन रडली, म्हणून मी दोन पातेली चढवायला लागले. एक तिचं नि माझं, एक त्याचं. हळूहळू मलाच वाटू लागलं की माझ्या हाताचं काही तरी बिनसलं असेल. मी माझंच कालवण चमच्याने चाखत उभी राहायची आणि मला ते चांगलं लागायचं, आणि मी माझ्या जिभेवर विश्वास ठेवायची नाही.

मिरगाचं तेच झालं. “पुढच्या साली जमेल,” म्हणणारा माणूस पुढच्या साली दोऱ्याची मिरची चावून म्हणाला, “आयेची ती आयेची.” त्याच्या पुढल्या साली तेच, त्याच्या पुढल्या साली तेच. काय कमी आहे ते विचारलं की खांदे उडवायचा. चूक सांगणं बंद झालं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आलं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

सासूबाईंनी तर दवंडीच पिटली. “चंद्रीच्या हाताला चव नाय, तिचा नवराच सांगतो.” चंद्री म्हणजे मी, चंद्रकांता. हे त्यांनी मासे सुकवायच्या जागेपासून देवळापर्यंत सांगितलं. पूर्वी दातिवऱ्यात लग्न असलं की हळदीच्या जेवणाचा मसाला भाजायला मला बोलावणं यायचं. तेही बंद झालं. एका लग्नात मी नेसून-सवरून मसाल्याच्या चुलीपाशी गेले तर एक बाई म्हणाली, “वयनी, तुमी बसा, पाहुण्यांसारख्या.” सत्तर माणसांच्या मसाल्याला जिचा हात लागायचा, तिला खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणून कुणाला शिव्या घालता येत नाहीत, नाही तर घातल्या असत्या.

गेल्या वर्षी मे महिन्यात सासूबाई म्हणाल्या, “हे शेवटचं. या मिरगाला पण नाय जमलं तर बरणी भाविकाला.” भाविका म्हणजे माझी नणंद, पालघरला दिलेली. ती पाकिटातला मसाला वापरते आणि माशाला सुरी लावायला नको म्हणून कोळणीकडूनच साफ करून आणते. वाईट मुलगी नाही, पण मिरची म्हटलं की तिला फक्त भजी आठवतात. बरणी लेकीला गेली तर सून कोण? चौदा वर्षं त्या घरात राबलेली पाहुणी. मी त्या दिवशी ठरवलं की या वर्षी माझ्या पाच मिरच्या अशा होतील की आंधळ्यालाही कळतील.

दातिवऱ्याला आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो. बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीशेजारी, खाली जुनं जाळं अंथरलेलं. तीन दिवस ऊन कडक पडलं. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं, पाचव्या दिवशीही तसंच. मिरच्या वरून सुरकुतल्या पण आतला जवळा अजून ओलसर असणार, हे मला बोटांना कळत होतं. वाळली की नाही हे ओळखायची आमची रीत साधी. मिरची कानाशी धरून हलवायची. आत खुळखुळलं तर वाळली. सहाव्या दिवशी सासूबाईंनी एक मिरची कानाशी धरली, हलवली आणि म्हणाल्या, “वाजतेय. भरूया.”

त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी हलवली. काही वाजलं नाही. दुसरी हलवली, तीही मुकी. सासूबाईंचा टीव्ही वर्षभर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता आणि फोनवर त्या “काय? काय?” करत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या तोंडावर बोलायची हिंमत कोणाची नव्हती. त्यांना चाळीस वर्षांपूर्वीची खुळखुळ ऐकू येत होती.

मला एक वाक्य बोलायचं होतं. आये, अजून दोन दिवस ठेवूया. बोलले नाही. खरं सांगायचं तर जिभेवर आलेलं गिळलं. मनात म्हटलं, भरा. भरा घट्ट. मिरगाला सगळ्यांसमोर झाकण उघडू दे आणि दातिवऱ्याला कळू दे की कोणाच्या हाताला चव नाही. तेवढं बोलून टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माझ्या मनात तेव्हा लवंगीच होती, वाणगावची नव्हे.

माझ्या पाच मात्र मी बरणीत टाकल्या नाहीत. “माझ्या घरी नेते, जागा नाय उरली,” म्हटलं. कुंभवलीत त्या आणखी चार दिवस खिडकीत ठेवल्या, काजळी बसू नये म्हणून वर पातळ ओढणी. पाचव्या दिवशी हलवल्या. रिद्धीच्या खुळखुळ्यासारख्या वाजल्या. काचेच्या बाटलीत भरून ठेवल्या आणि मिरगाची वाट बघत बसले. लग्नाचीसुद्धा मी इतकी वाट बघितली नव्हती.

मिरगाच्या दिवशी सासूबाई बरणी मांडीवर घेऊन रिक्षातून कुंभवलीला आल्या. भाविका पालघरहून आली, केसांत मोगऱ्याचा गजरा. ती जणू बरणी न्यायलाच आल्यासारखी कापडी पिशवी घेऊन आली होती. मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, डाळीची आमटी केली. मग सासूबाईंनी बरणीचं कापड सोडलं.

वास आला. जवळ्याचा वास मला आवडतो, मी साताऱ्या-सांगलीची नाही, सातपाटीची आहे. हा तो नव्हता. हा ओल्या जाळ्यात विसरलेल्या माशाचा होता. रिद्धीने नाक धरलं. “शी, कसला वास!”

“तुमच्या या कुंभवलीचाच वास,” सासूबाई म्हणाल्या. “कशा राहता इथे देव जाणे.” खिडकी बंद केली त्यांनी. कुंभवलीत वास कुठलाही असो, दोष कंपन्यांचा. बहुतेक वेळा असतोही. त्या दिवशी मात्र नव्हता.

मिरच्या वरून चांगल्या दिसत होत्या, काळसर, सुरकुतलेल्या. मी तवा ठेवला. तेलात पडल्यावर तर सगळी खोली भरून गेली. भाविका पदर नाकाला लावून उभी होती. मी माझ्या पाच तव्याच्या एका बाजूला तळल्या, दुसऱ्या बाजूला बरणीतल्या, आणि एका ताटलीत सुजितसमोर ठेवल्या. आता हा तोंडात घालणार आणि थुंकणार. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसले.

त्याने आधी दोऱ्याची खाल्ली. मग बरणीतली उचलली, अर्धी तोडली, चावली. भाकरीचा तुकडा घेतला. उरलेली अर्धी तोंडात टाकली. आणि म्हणाला, “आयेची ती आयेची.”

वर आणखी एक उचलली.

सासूबाईंचं तोंड फुललं. भाविकाने कौतुकाने एक मिरची घेतली, दाताखाली धरली आणि धावत मोरीकडे गेली. तिथून थुंकल्याचा आणि ओकारीचा आवाज आला. सासूबाईंनी तो ऐकला नाही, पण भाविकाचा पळ बघितला. त्यांनीही एक मिरची उचलली. चावली. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या थांबल्या, पापणी एकदा हलली, आणि त्यांनी ती गिळली. थुंकली नाही. बाई काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सुजित तिसरी खात होता.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एका माळेत ओवलं गेलं. ओला रुमाल, फिकं लागतं, तिखट घाल, आता जरा कळतं. मी उठले, भाविकाच्या डोक्यातून गजरा काढला, तो मुठीत धरला आणि सुजितसमोर बसले.

“डोळे मिटा.”

“कशाला?”

“मिटा म्हटलं ना.”

त्याने मिटले. मी मूठ त्याच्या नाकाशी नेली आणि जरा उघडली. “कसला वास येतो?”

तो हुंगत राहिला. पुन्हा हुंगला. कपाळावर घाम आला. “जवळ्याचा,” म्हणाला. “चांगला वाळलाय.”

रिद्धी हसली. तिला वाटलं बाबा गंमत करतो. मी मूठ पूर्ण उघडली, मोगऱ्याच्या कळ्या ताटलीत पडल्या, कुजलेल्या मिरच्यांवर. त्याने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघितलं.

“आये, यांना वास येत नाय,” मी ओरडून म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून. “तीन सालं झाली. यांचं नाक गेलंय. माझ्या हाताला काय झालं नव्हतं.”

मला वाटलं होतं आता जमीन दुभंगेल. कोणी तरी म्हणेल, अरेरे, चंद्रे. सासूबाईंनी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले. पण माझ्यासाठी नाही.

“जाळलीस,” त्या म्हणाल्या. “लवंगी खाऊ घालून घालून माझ्या पोराची जीभ जाळलीस.”

“नाक गेलंय, आये. जीभ नाय.”

“नाक काय नि जीभ काय. दारं दोन, घर एकच. रोज आग घातलीस त्याच्या पोटात. आमच्या घरात कोण कधी लवंगी खायचं?”

मी सुजितकडे बघितलं. आता तो बोलेल. कंपनीत वायू सुटला होता म्हणून सांगेल. तिखट मीच मागत होतो म्हणून सांगेल. तो मोगऱ्याच्या कळ्या एकेक करून ताटलीतून बाजूला काढत होता. सगळ्या काढून झाल्या तरी त्याची मान वर झाली नाही.

दुपारी बाहेरच्या सज्जात मी त्याला गाठलं. तेव्हा बोलला. कंपनीत कळलं तर प्लांटवरून काढतील, वायू सुटला तर तो पहिला नाकालाच कळतो, नाक नसलेला ऑपरेटर कोण ठेवेल. हे मला पटलं. घर त्याच्या पगारावर चालतं, हे मला कळत नाही असं नाही.

“मला सांगायचं होतं,” मी म्हटलं. “मी काय कंपनीत जाऊन सांगणार होते?”

“राहून गेलं.”

“बरं, नाय सांगितलं. मग मिरगाला सारख्याच लागतात म्हणायचं होतं. त्याला नाक कशाला लागतं? तुमाला तर दोन्ही सारख्याच लागत होत्या, खरोखर.”

तो सज्जाच्या कठड्यावरची काजळी बोटाने पुसत म्हणाला, “आयेला वाईट वाटलं असतं.”

“आणि मला?”

“तू समजून घेतेस.”

एवढंच. चौदा वर्षांचा हिशोब तीन शब्दांत. पुढे मी काही विचारलं नाही. समजून घेणाऱ्या बाईला उत्तरं द्यावी लागत नाहीत, ती स्वतःच ती घरी बनवून घेते.

संध्याकाळी बरणीतल्या मिरच्या मी कचऱ्यात ओतल्या. आतल्या जवळ्याला पांढरे केस आले होते. गरम पाणी आणि चिंच घालून बरणी दोनदा धुतली, पालथी घालून वाळवली आणि माझ्या हाताने भाविकाच्या कापडी पिशवीत ठेवली. सासूबाईंनी मान हलवली. मिरच्या का बिघडल्या, हे त्यांनी विचारलं नाही. मीही माझं गिळलेलं वाक्य कोणाला सांगितलं नाही. ते आजही माझ्या पोटात आहे आणि ते वाळत नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी भाविकाचा फोन आला. आधी रिद्धीच्या परीक्षेचं, मग उन्हाचं, मग तिच्या फ्लॅटला ऊन कसं येत नाही त्याचं. शेवटी म्हणाली, “वयनी, तूच भरशील का? मला नाय जमत. आयेला मी सांगितलंय की मी करतेय. तिच्या गुडघ्यांनी आता खाली बसवत नाय, ती बघायला येणार नाय. तू फक्त बोलू नको.”

मी हो का म्हटलं, हे मलाच विचारा. एक म्हणजे मिरच्या. मे महिना आला की माझ्या बोटांना त्या हव्या असतात, कोणाला तंबाखू हवा असतो तशा. दुसरं म्हणजे बरणी. आठ दिवस का होईना, ती माझ्या हातात असणार होती. चोरून आलेली का होईना. लाज वाटते सांगायला, पण ती घरी आली त्या दिवशी मी तिला पुसून, गळ्याचा टवका भिंतीकडे करून फळीवर ठेवली आणि पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

मिरच्या आणायला सुजितच वाणगावला गेला, मोटारसायकलवर. दोन पिशव्या हॅंडलला लावून आणल्या. दुसऱ्या तोड्याच्या, पोपटी, जाड सालीच्या, मी सांगितल्या तशाच. कोणासाठी, ते मी त्याला सांगितलं. “बरं,” म्हणाला. चिरा द्यायला तो माझ्या शेजारी बसला होता. वाळवायला मी त्या माझ्या माहेरी सातपाटीला नेल्या. सात दिवस कडक ऊन मिळालं. शेवटच्या दिवशी मी एकेक मिरची कानाशी धरून हलवली, दोनशेच्या वर असतील. सगळ्या बोलल्या. आयुष्यात इतकी चांगली मिरची मी केली नव्हती आणि पुन्हा होईल असं वाटत नाही.

कुंभवलीला परतून बरणी भरली. मग लक्षात आलं की माझ्या पाच राहिल्या. बरणी लेकीला गेली तरी सुनेच्या पाच सुटत नाहीत, हे सासूबाईंनी भाविकाजवळ निरोप धाडून कळवलं होतं. मी वेगळ्या भरल्या नाहीत. त्याच बरणीत हात घातला, वरच्या पाच काढल्या आणि सुजितच्या देखत त्यांना लाल दोरा बांधला.

मिरगाला आम्ही पालघरला भाविकाकडे जमलो. सासूबाई खुर्चीवर, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. भाविकाने बरणीचं कापड सोडलं आणि जवळ्याचा असा खमंग, खारा वास आला की माझ्याच डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तव्यावर मीच तळल्या, मंद आचेवर, साल फुगून काळी होईपर्यंत. सुजितचं नाक गेल्याचं कळल्यापासून चाखायचा मान सासूबाईंनी स्वतःकडे घेतला होता.

त्यांनी बिनदोऱ्याची मिरची घेतली. चावली. डोळे मिटले. त्यांच्या सुरकुतलेल्या गालावरून एक थेंब ओघळला, आणि त्या म्हणाल्या, “हां. ही आमच्या घरची. भाविके, हात लागला तुझा.”

भाविका ताटाकडे बघत होती. माझ्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती, आणि मला तिची कीव आली. माझी छाती मात्र भरून आली होती. नाव कोणाचंही असो, मिरची माझी होती आणि सासूबाईंनी ती ओळखली होती.

मग सासूबाईंनी दोऱ्याची उचलली. दोरा बोटाने बाजूला करून चावली. एकदा, दोनदा. तोंड वाकडं झालं. उरलेली अर्धी त्यांनी ताटाच्या कडेला ठेवली.

“परत मेथी करपवलीस,” म्हणाल्या. “पंधरा सालं झाली, चंद्रे. आता नाय येत ते, नाय येत.”

मी सुजितकडे बघितलं. या खोलीत दोघांना माहीत होतं, मला आणि त्याला. भाविकाला अर्धं. वाणगावची पिशवी त्याने आणली होती, चिरा त्याने दिल्या होत्या. आईला एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं.

“तुमी चाखा,” मी म्हटलं आणि ताटली त्याच्यासमोर सरकवली.

“त्याला काय कळतंय आता,” सासूबाई म्हणाल्या.

“चाखू दे, आये.”

सुजितने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. एक बिनदोऱ्याची खाल्ली, एक दोऱ्याची. दोन्ही सावकाश चावल्या, खरोखर चव घेतल्यासारख्या. पाणी प्यायला.

“दोऱ्याची जरा कमीच हाय,” म्हणाला.

मी उरलेल्या तीन दोऱ्याच्या मिरच्या माझ्या ताटात घेतल्या, दोरे सोडून काढले आणि भाकरीबरोबर खाल्ल्या. फार चांगल्या झाल्या होत्या.